भ्रमणध्वनी आणि इंग्रजीचा अभ्यास
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात परभणी येथे दिलेले भाषण)



मुलांच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. ती आम्ही शिरोधार्य मानतो. विषय प्रत्येकाच्या खिशातलाच आहे : भ्रमणध्वनीवरील ॲपच्या साहाय्याने आपल्या मुलांना इंग्रजी कसे शिकविता येईल?

परकी भाषा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. निजामी अमदानीत सरकारदरबारची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांना उर्दू अस्खलित येत असे, कारण कचेरीत आणि बाजारात ती रोज कानांवर पडत असे. १९४८ साली आपण मुक्त झालो, १९६० साली महाराष्ट्रात नांदू लागलो. पुढे २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. परंतु जिंतूर, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील खेड्यात ते मुलाच्या डोळ्यांना दिसते, कानांवर मात्र क्वचितच पडते. रोग आहे तो हाच. कापूस-सोयाबीनचे पैसे, प्रसंगी कर्जही, इंग्रजी शाळेच्या शुल्कात घालूनही तो पुष्कळदा बरा होत नाही.

भ्रमणध्वनीचा उपयोग होतो तो येथे. गूगल कंपनीने २०१९ साली 'बोलो' नावाचे वाचनाचे ॲप भारतात आणले. पुढे त्याचे नाव 'रीड अलाँग' झाले. मूल गोष्ट मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, आणि मूल अडखळले तर तो शब्द उच्चारून दाखविते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसतानाही वाचता येतात, ही सोय आपल्या खेड्यांना विशेष उपकारक होय. यंत्र कंटाळत नाही, रागावत नाही. चारचौघांत हसे होईल या भीतीने ओठ न उघडणारे मूलही त्याच्यापुढे बोलू लागते.

तथापि यंत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. आपण 'मी आंबा खातो' म्हणतो. क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते मध्ये येते आणि आंब्यामागे 'ए' हा छोटासा शब्द लागतो, जो मराठीत नाहीच. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बंडी. पहिल्यात दोन्ही ओठ गोल करावयाचे, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकवावयाचे. पुष्कळशी ॲप्स उत्तर चुकले एवढेच सांगतात. मराठी मुलाचे ते का चुकले, हे मराठी जाणणारा शिक्षकच उलगडून सांगू शकतो. म्हणून ॲप हा शिक्षकाचा मदतनीस आहे, त्याचा वारस नव्हे.

आता थोडे कटू बोलतो. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यास भ्रमणध्वनीवर आला, तेव्हा ज्या घरी एकच यंत्र होते तेथे ते कोणाच्या हाती गेले? पुष्कळ घरांत आधी वडिलांच्या, मग मुलाच्या, आणि उरल्या वेळात मुलीच्या. ही रीत आपण मोडली नाही, तर नवे साधन जुनाच अन्याय अधिक वेगाने करील. शिवाय यंत्र मुलाच्या हाती देऊन वडीलधाऱ्यांनी उठून जावे, हेही योग्य नाही. पाचच मिनिटांत गोष्टीची जागा खेळ घेतो, हा घरोघरचा अनुभव आहे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक घरी दिवेलागणीनंतर अर्धा तास ठरवावा. मुलगा व मुलगी यांनी समान वेळ मोठ्याने वाचावे, आणि आईने अथवा आजीने जवळ बसून ऐकावे. त्यांना इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही. मुलाने गोष्टीचा अर्थ त्यांना मराठीत सांगावा. अर्थ सांगता आला तरच वाचन झाले असे समजावे. ज्या घरी असे यंत्र नाही त्यांच्यासाठी मंडळाने आठवड्यातून एकदा वाचनवर्ग भरवावा, आणि आपल्यातील शिक्षकांनी आळीपाळीने चुकांची कारणे समजावून द्यावीत. यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. नेम मात्र हवा.

वाडवडिलांनी परकी भाषा कानांनी मिळविली. तोच मार्ग आपल्या लेकींना व लेकांना सारखाच मोकळा करून द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.