गल्लीला सेक्रेटरी नसतो

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी या गावात झाला, त्यामुळे शिरढोणचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. गेली वीसेक वर्षं मी इथे राहतो. मात्र आज मला क्रांतीविषयी काही सांगायचं नाही. मी बोलणार आहे पागोळ्यांविषयी, गटाराविषयी आणि शेजाऱ्यांविषयी.

शहरातले स्नेही घरी येतात, ओट्यावर बसून चहा घेतात आणि हमखास विचारतात, ‘इथे सोसायटी नाही, मग मेंटेनन्स किती?’ मी सांगतो, घरपट्टी आणि पाणीपट्टी ग्रामपंचायतीत भरायची, पावती घ्यायची, संपलं. त्यांना हेवा वाटतो. वाटण्यासारखंच आहे. इथे कपडे कुठे वाळत घालावेत, कोंबड्या पाळाव्यात की नाही, यावर कुणी नोटीस लावत नाही. माझ्या दाराला निळा रंग आहे, कारण त्या दिवशी दुकानात निळाच डबा शिल्लक होता. कुणाची परवानगी लागली नाही.

पण सोसायटी या गोष्टीला नावं ठेवणं मला पटत नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. घरमालकाच्या मर्जीवर जगणाऱ्या मध्यमवर्गाला चारजणांनी मिळून हक्काचं छप्पर उभारता येतं, हे त्या संस्थेने दाखवलं. पुढे महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा आला आणि लाखो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आलं. हे काम लहान नाही.

मात्र चारजण एकत्र आले, की पाचवा कोण, हा प्रश्न येतोच. आपल्या कायद्याचं २३वं कलम सांगतं, की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. दुसरीकडे, अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निकाल दिला, की सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम संस्थेला करता येतो. मी घर शोधत होतो त्या काळात कलम कुणी दाखवत नसे. एका ठिकाणी फ्लॅट पसंत पडला, बोलणी झाली, आणि माझं पूर्ण नाव कळल्यावर चहाचा कप पुढे सरकवत एक सभ्य गृहस्थ म्हणाले, ‘आमचं काही नाही हो, पण मेंबर ऐकणार नाहीत.’ ते मेंबर मला कधीच भेटले नाहीत.

शिरढोणचं हे जुनं घर ज्यांनी मला विकलं, त्या वृद्ध गृहस्थांनी वेगळीच चौकशी केली. ‘पावसाआधी कौलं चाळायला माणूस आहे ना?’ मग मला घराच्या मागे नेऊन ते म्हणाले, ‘या अंगाच्या पागोळीखाली भिंत बांधू नका. वरच्या पाच घरांचं पाणी इथून ओढ्याला जातं.’ गल्लीचा कायदा तो एवढाच. कागदावर कुठेही नाही, पण मला कुणीतरी सांगितला.

म्हणून गावाने सगळ्यांना पोटाशी धरलं, असं चित्र मी रंगवणार नाही. गावठाणाची दारं उघडी दिसतात, पण आपल्या तालुक्यातल्या कातकरी वाड्या गावाबाहेरच का राहिल्या, हे विचारावंच लागतं. लिहिलेला नियम वाचता येतो, त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो. न लिहिलेल्या नियमाविरुद्ध अर्ज कुणाकडे करणार?

हा प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत पाण्याच्या रूपाने आला. वरच्या अंगाची एक जागा विकली गेली. नव्या मालकाने भिंत घातली, तीही स्वतःच्या हद्दीत. पण पाण्याची वाट तिथूनच होती. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी फिरलं आणि खालच्या आजींच्या पडवीत शिरलं. सकाळी पाहिलं, तर तांदळाची पोती खाटेवर आणि आजी पायरीवर. सोसायटी असती, तर सेक्रेटरीचं दार वाजवलं असतं. गल्लीला सेक्रेटरी नसतो.

आम्ही दोघे-तिघे त्या मालकाकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ‘इथून पाणी जातं, हे कुठल्या कागदावर आहे, दाखवा.’ कागद नव्हता. आमचा सगळा कायदा आठवणीत होता, आणि आठवण जागेबरोबर विकली जात नाही. मला सांगणारं कुणी भेटलं होतं, त्याला कुणी भेटलं नव्हतं. आम्हां दोघांत फरक एवढाच.

शेवटी विषय ग्रामसभेत गेला. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली आहे. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सभासद. पूर्ण नाव कळल्यावर तिथे कुणी चहाचा कप पुढे सरकवत नाही. सभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. त्या दिवशी तेवढीही जमली नाहीत आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या वेळी कामकाज झालं. आम्ही भाषणं तयार करून गेलो होतो, पण आजीच उठल्या आणि म्हणाल्या, ‘माझे घरान पानी आयलं, तं कोनाला इचारून आयलं?’ पुढे कुणाला फारसं बोलावं लागलं नाही. भिंतीखालून पाइप टाकायचा ठराव झाला, मालकाने संमती दिली, पुढच्या पावसाआधी पाइप पडला. आता जोराच्या सरीत अंगणात पाणी येतं, पण पडवीत चढत नाही.

गंमत अशी, की शहरातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेचंही हेच होतं. हजेरी भरली नाही, की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि जमलेल्या मोजक्या लोकांनी वर्षाचे निर्णय घ्यायचे. उरलेले वर्षभर जिन्यात कुरकुर करतात. तेव्हा सोसायटी आहे की नाही, यापेक्षा सभेला माणसं येतात की नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आमचा तालुका झपाट्याने बदलतो आहे. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेलची महानगरपालिका झाली, २९ गावं तिच्यात गेली. शिरढोण त्यांत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. जागा विकल्या जातात, नवी माणसं येतात. येऊ देत, मीही तसाच आलो. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत, घरांना मिळकत पत्रिका मिळते आहे. हे चांगलंच आहे, कागद हवाच. पण पत्रिका हद्द सांगते. पाण्याची वाट, म्हाताऱ्या माणसाची खाट, रात्री कुणाच्या घरी आजारपण आहे, हे शेजाऱ्यानेच सांगायचं असतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गल्लीत नवं कुटुंब आलं, तर आठवड्याच्या आत त्यांच्या ओट्यावर जा आणि पागोळ्यांचं पाणी कुठे जातं ते सांगा. आणि ग्रामसभेची दवंडी ऐकू आली, नोटीस दिसली, तर हातातलं काम तासभर बाजूला ठेवा. आपल्याला सभासद करून घ्यायला तिथे कुणाची परवानगी लागत नाही. फक्त जावं लागतं.