आडोशामागील कृष्णविवरे



या व्याख्यानासाठी मंडळाने मला एकच अट घातली, ती म्हणजे फळा मागावयाचा नाही. तेव्हा समीकरणे वगळून एका न जुळलेल्या हिशेबाची हकीकत सांगतो.

१९६२ च्या जूनमध्ये रिकार्दो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्रावरून येणारे क्ष-किरण टिपण्यासाठी एक अग्निबाण सोडला. चंद्र राहिला बाजूला; वृश्चिक राशीत एक प्रखर उगम सापडला, आणि त्याखेरीज सर्व दिशांनी येणारी क्ष-किरणांची मंद प्रभाही आढळली. ही प्रभा मुख्यत्वे दूरस्थ दीर्घिकांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरांची, हे पुढे उमगले. कृष्णविवर स्वतः अंधारेच. त्यात कोसळणारा वायू तापून क्ष-किरण फेकतो. १९९९ मध्ये अवकाशात गेलेल्या, सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचे नाव धारण करणाऱ्या ‘चंद्रा’ वेधशाळेने कमी ऊर्जेच्या प्रभेचा बहुतेक भाग सुट्या बिंदूंत उलगडून दाखविला. परंतु प्रभेचा खरा भर आहे ३० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, आणि उघड दिसणाऱ्या कृष्णविवरांची बेरीज करून तो भर निघेना. खातेवहीत काही नावे चढलीच नव्हती.

ती दडली होती वायू आणि धूळ यांच्या वेढ्यात. आपल्या दृष्टिरेषेवर दर चौरस सेंटिमीटरमागे पंधरावर तेवीस शून्ये इतके हायड्रोजनचे अणू आडवे आले, की त्या वेढ्याला ‘कॉम्प्टन-दाट’ म्हणतात. १० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टखालचे किरण त्यात जवळजवळ गिळले जातात. त्याहून कठीण किरणांपैकी काही पार होतात. शिवाय वेढ्याच्या आतील बाजूवर आपटलेले किरण परततात आणि तेथील लोहाचे अणू ६.४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची ठळक रेषा उत्सर्जित करतात. दिवा दिसत नाही. भिंतीवरचा उजेड दिसतो.

अडचण होती ती कठीण किरण एकवटण्याची. साध्या आरशावर हे किरण परावर्तित होतच नाहीत. तळ्यावर तिरकी फेकलेली खापरी जशी टप्पे घेते, तसे ते अगदी निसटत्या कोनातच वळतात. म्हणून १३ जून २०१२ रोजी सोडलेल्या ‘न्यूस्टार’ मध्ये प्रत्येक दुर्बिणीत काचेची १३३ पातळ कवचे एकात एक बसविली, आणि आरसे व शोधक यांमधील सुमारे १० मीटरचा दांडा घडी करून नेऊन कक्षेत उलगडला. ७९ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत स्पष्ट चित्रे मिळू लागली. या दांड्याच्या कल्पनेचे मला आरशांहूनही अधिक कौतुक वाटते.

कर्कटक तारकासमूहातील दीर्घिका पाहा. अंतर सुमारे एक कोटी तीस लाख प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या शेजारचीच; तरी आपल्याच आकाशगंगेच्या पट्ट्याआड असल्याने ती १९७७ पर्यंत नजरेत भरली नाही. केंद्रापाशी तिचा स्वतःचा दाट पडदा आहे, तो निराळाच. या दुहेरी पडद्यामागील कृष्णविवर सुमारे १७ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे आहे. २०१५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ नेही तिचे वेध घेतले. त्यावरील क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

तिमिंगल तारकासमूहातील मेसिए ७७ ची कथा अधिक रंगतदार आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिचे २० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवरील किरण २०१२ पेक्षा वाढलेले दिसले, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा ओसरले. कमी ऊर्जेच्या किरणांत मात्र काहीच हालचाल नव्हती. वेढा अखंड भिंत नसून ढगांचा थवा आहे, आणि त्यात क्षणभर फट पडली, असा त्याचा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला.

आता हिशेबाकडे वळू. ८ ते २४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टप्प्यात ‘न्यूस्टार’ ने प्रभेचा सुमारे ३५ टक्के भाग सुट्या उगमांत वेगळा केला. उरलेल्यांत कॉम्प्टन-दाट किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. वेढा आणखी दसपट दाट झाला, तर कठीण किरणही आरपार येत नाहीत. मग हाती राहतो केवळ परतलेला उजेड, आणि ती लोहाची रेषा.