आज्याचा डोंगा पाण्यात उतरवताना



वैशाख लागला की पैनगंगेचं पात्र आक्रसतं आणि काठावरच्या गावांतले भोई बांधव डोंगे वर ओढून ठेवतात. वर आलेला जुना डोंगा मृगानंतर पुन्हा पाण्यात जाणार की चुलीत, हे याच दिवसांत ठरतं. इसापूर, बेंबळा अशा जलाशयांवर आता पत्र्याचे आणि फायबरचे डोंगे दिसतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ज्यांच्या घरी आज्या-पणज्यापासूनचा सागवानी डोंगा आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की तो मोडीत काढू नका.

१९४८ च्या सप्टेंबरापर्यंत पैनगंगेच्या पलीकडे निजामाचं राज्य होतं. ऐलतीरी वऱ्हाड, पैलतीरी हैदराबाद संस्थान. धनोड्याला पूल नव्हता तेव्हा भर पावसाळ्यात माहूरच्या रेणुकामातेला जायचं, तर नाववाल्याच्या हातीच जीव द्यावा लागे. तो हात ज्या घरांचा होता, त्यांचं कर्तृत्व कागदावर फारसं उतरलं नाही. उरले ते त्यांचे डोंगे.

ते पडून राहतात त्याचं एक कारण घराघरांत सापडेल. वाटणीत शेत तुटतं, घरात भिंत उभी राहते. डोंग्यात मात्र भिंत घालता येत नाही. तो सगळ्या भावांचा असतो, म्हणून दुरुस्तीचा खर्च कोणीच करत नाही. भावांनी आधी एकत्र बसून हा प्रश्न मिटवावा. लाकडाचं काम त्यानंतरचं.

लाकूड जुनं झालं म्हणजे संपलं, असं समजू नका. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. पुढे इंग्लंडमध्ये हार्टलपूलला कारागिरांनी वर्षानुवर्षं खपून ते दुरुस्त केलं. ते आजही तरंगतं आहे. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही ओकच्या लाकडातल्यापेक्षा कमी गंजतो. शिवाय जुन्या जंगलातल्या सागाला गाभा मोठा असे. रोपवनातल्या कोवळ्या झाडात गाभा थोडा आणि कडेचं पांढरं लाकूड जास्त, आणि या पांढऱ्याला कूज आणि वाळवी लवकर लागते. म्हणजे तुमच्या अंगणातल्या डोंग्याची फळी आज बाजारात सहज मिळणार नाही.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, डोंगा उन्हातून हलवा. आपल्याकडच्या वैशाखात लाकूड इतकं वाळतं, की फळ्यांमधून बोट जाईल अशा भेगा पडतात. त्या बघून माणूस घाबरतो आणि लगेच सिमेंट, डांबर ओततो. तसं करू नका. डोंगा लिंबाच्या सावलीत ठेवा, आत-बाहेर गोणपाट अंथरून ते ओलं राखा. लाकूड फुगेल, बऱ्याच भेगा आपोआप मिटतील. मग आत थोडं पाणी भरा आणि बाहेरून जिथं ठिबकेल तिथं खडूनं खूण करा. पाणी काढून टाकल्यावर दाभण घेऊन तळ आणि फासळ्यांच्या बुडाशी टोचून बघा. तिथं पावसाचं पाणी साचून राहतं, म्हणून कूज तिथंच आधी धरते. दाभण लोण्यात शिरावी तशी गेली, तर तेवढाच तुकडा बदला. नव्या तुकड्यासाठी पाडलेल्या जुन्या वाड्याची तुळई मिळाली तर उत्तम. नवं सागवान घेणार असाल तर वन विभागाच्या आगारातूनच घ्या आणि वाहतूक परवाना जवळ ठेवा.

फटी भरायला आपल्या यवतमाळ जिल्ह्यासारखा जिल्हा नाही, कारण कापूस दारात आहे. सरकी काढलेल्या कापसाचा सैल पेळू वळा, तेलात भिजवा आणि बोथट पटाशीनं, लाकडी मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी फटीत बसवा. फार घट्ट ठासू नका. फळ्या पाण्यात फुगल्या की जास्तीचा कापूस त्यांना रेटतो आणि खिळे सुटतात. वरून राळ आणि जवसाचं तेल तापवून लावा. तेल जवसाचंच हवं. ते हवेत वाळून घट्ट होतं, तिळाचं चिकट राहतं. मात्र जवसाच्या तेलाचे बोळे एकत्र गोळा करून ठेवू नका. ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. एकेक पसरून वाळवा.

हे सगळं करताना घरातल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवा. कुठली फळी कोणत्या पुरानंतर बदलली, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? ते बोलतील ते लिहून घ्या, फोनवर ध्वनिमुद्रित करा.

पाण्यात उतरवल्यावर डोंगा लगेच भर पात्रात नेऊ नका. काठाला बांधा. सुरुवातीला पाझरेल, ते पाणी उपसत राहा. फळ्या भरल्या की पाझर कमी होईल. होत नसेल तर तो वर घ्या आणि पुन्हा तपासा. आणि दुरुस्त झाला म्हणून वाटेल तेवढी माणसं बसवू नका. २०२१ च्या सप्टेंबरात शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, झुंजला वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. तेव्हा किती माणसं बसायची तो आकडा डोंग्याच्या काठावर ठळक रंगानं लिहा आणि त्यापुढचा माणूस सख्खा भाऊ असला, तरी त्याला दुसऱ्या फेरीला थांबायला सांगा.