पुस्तक मिटल्यावर, पडदा पडल्यावर

एखाद्या रविवारीं सायंकाळीं चित्रपटगृहाच्या दारांतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाकडे कोणी लक्ष देऊन पाहिलें, तर त्याला मोठी मौज दिसेल. आजी पदरानें डोळे टिपीत "बिचारीचं नशीबच फुटकं!" असें पुटपुटत असते. वडील घड्याळाकडे पाहत "इतकं का कोणी उठतांबसतां गाणीं म्हणतं?" असें विचारतात. थोरला मुलगा छायाचित्रणांतील गुणदोष काढण्यांत गढलेला असतो. आणि चौदा वर्षांची मुलगी एक शब्दहि न बोलतां सर्वांच्या मागून चालत असते. चौघांचीं तिकिटें एकाच दराचीं, चौघांच्या डोळ्यांपुढून गेलेलीं चित्रें तींच. पण घरीं परतणारीं हीं चार माणसें चार निराळे खेळ पाहून आलेलीं असतात. असें कां व्हावें, आणि त्यांपैकीं खरा खेळ कोणी पाहिला, ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न चित्रपटाबरोबर जन्मास आलेला नाहीं. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रांत शृंगारापासून अद्भुतापर्यंत आठ रस सांगितले आहेत, हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण त्याच ग्रंथांत प्रेक्षकांचीहि मार्मिक वर्गवारी केलेली आहे, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. तरुणांना प्रेमकथेंत आनंद वाटतो, शूरांना युद्धाच्या प्रसंगांत, वृद्धांना धर्माख्यानांत व पुराणांत, असें भरतानें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे आजीला एक आवडावें व नातवाला दुसरें, हा घरांतील बेबनाव नसून मनुष्यस्वभावाचा धर्मच होय. मात्र एवढ्यावर भरत थांबत नाहीं. नाटकांतील आनंदानें जो आनंदतो व तेथील दुःखानें जो दुःखी होतो तोच खरा प्रेक्षक, असेंहि तो सांगतो. वयानुसार रुचि निराळी असली तरी दुसऱ्याच्या मनांत शिरण्याची तयारी सर्वांकडून अपेक्षित आहे.

ही तयारी कशानें बिघडते, ह्याचा शोध पुढें काश्मीरच्या अभिनवगुप्तानें घेतला आणि रसास्वादाच्या मार्गांत येणारीं सात विघ्नें सांगितलीं. त्यांतलीं दोन रोजच्या अनुभवांतलीं आहेत. पहिलें हें कीं, समोर चाललेलें मुळांत शक्यच वाटत नाहीं. दुसरें हें कीं, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांत इतका बुडालेला असतो कीं, दुसऱ्याच्या सुखदुःखाला त्याच्या मनांत जागाच उरत नाहीं. ज्याच्या घरीं दुखणेंकरी पडला आहे त्याला प्रहसन गोड लागत नाहीं. त्यांत प्रहसनाचा दोष नसतो. कित्येक पुस्तकें व खेळ आपण वाईट ठरवितों, तेव्हां तीं चुकीच्या दिवशीं हातीं आलेलीं असतात, एवढेंच खरें असतें.

मराठींत ह्या विषयाची सुंदर मांडणी नरसिंह चिंतामण केळकर ह्यांनीं केली. बडोदें येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून १९२१ सालीं त्यांनीं 'सविकल्प समाधी'ची कल्पना पुढें ठेवली. वाचक कथेंतील पात्राशीं एकरूप होतो, पण आपण आपल्याच घरीं बसून वाचीत आहों ही जाणीव त्याला सोडून जात नाहीं. ह्या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. ही जाणीव नसती, तर राम गणेश गडकरी ह्यांच्या 'एकच प्याला' नाटकांतील सिंधूचे हाल पाहून प्रेक्षक रंगमंचावर धांवून गेले असते; आणि एकरूपता नसती, तर ते जांभया देत बसले असते. हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. शेवट काय होणार हें ठाऊक असूनहि लोक तें पुनःपुन्हां पाहत राहिले, ह्याचें कारण ह्या दुहेरीपणांत आहे. आपण रडतों खरे, पण त्या रडण्याचा कांठ कोठें आहे हें आपल्याला माहीत असतें.

आतां प्रत्येक जातीचें पुस्तक वाचकाशीं निरनिराळा करार करीत असतें. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड ह्यांच्या रहस्यकथा घ्या. एक हजाराहून अधिक कथा लिहिणाऱ्या ह्या लेखकानें वाचकाला एवढेंच वचन दिलें कीं, पुढें काय होणार ही ओढ शेवटच्या पानापर्यंत सुटणार नाहीं. तें वचन त्यानें पाळलें, आणि पुस्तकाला कधीं हात न लावणारीं किती तरी मुलें त्या ओढीनें वाचावयास शिकलीं. अशा कथेंत जीवनाचें तत्त्वज्ञान नाहीं म्हणून नाक मुरडणें म्हणजे चिवड्यांत पुरणपोळीचा गोडवा शोधण्यासारखें आहे. चि. वि. जोशी ह्यांच्या चिमणरावाचा करार आणखी निराळा. तेथें वाचक चिमणरावाला हसतो तो शत्रु म्हणून नव्हे. त्या भाबड्या कारकुनाची फजिती ही थोड्याफार फरकानें आपलीहि फजिती आहे, हें त्याला हसतां हसतां उमगतें. हंसूं ओसरल्यावर मागें राहतो तो थोडासा नम्रपणा.

भक्तिपटाची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा दामले व फत्तेलाल ह्यांनीं दिग्दर्शित केलेला बोलपट १९३६ सालीं प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षीं व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्याच्या शेवटीं तुकोबा वैकुंठास जातात. श्रद्धावंत प्रेक्षकाला तो साक्षात्कार वाटतो, चिकित्सकाला ती कॅमेऱ्याची करामत दिसते. अभिनवगुप्तानें सांगितलेलें पहिलें विघ्न येथें उभें राहावयास हवें होतें. पण तसें झालें नाहीं, आणि त्याचें श्रेय बव्हंशीं जिजाईला आहे. मुलाच्या दुखण्यानें बेभान होऊन जी देवळांत जाते आणि प्रत्यक्ष पांडुरंगावर पायतण उगारते, ती बाई कोणालाहि खोटी वाटत नाहीं. वैकुंठाचें निमंत्रण आलें असतांहि ती पोरांबाळांसाठीं मागें राहते. विष्णुपंत पागनीस ह्यांच्या तुकोबांवर भाविक लोभावले; ज्यांचा देवावर विश्वास नव्हता त्यांचाहि गौरीनें रंगविलेल्या ह्या जिजाईवर विश्वास बसला. चमत्कार न मानणाऱ्या माणसालाहि भक्तिरसाचें दार उघडावें लागलें, तें ह्या संसारी बाईमुळें.

पुस्तक व चित्रपट ह्यांतील भेदहि येथें ध्यानीं घेतला पाहिजे. पुस्तक एकट्यानें वाचावयाचें. तें वाटेल तेथें मिटतां येतें, मागचें पान पुन्हां उघडतां येतें, आणि पात्रांचे चेहरे ज्याचे त्यानें मनांत घडवावयाचे. चित्रपटगृहांत काळाची दोरी दुसऱ्याच्या हातीं असते आणि शेजारचे शेंकडों लोक आपल्याबरोबर हसत व सुस्कारत असतात. 'लग्न पहावें करून' ह्या १९४० सालच्या बोलपटांत दामूअण्णा मालवणकर चिमणराव होऊन आले, तेव्हां प्रत्येक वाचकाच्या मनांतील चिमणरावाला त्यांच्याशीं सामना द्यावा लागला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि पुढच्या पिढीला तोच चेहरा खरा वाटूं लागला. 'पुस्तकांत होतं तसं नाहीं' ही तक्रार म्हणूनच पूर्ण खरीहि नाहीं आणि पूर्ण खोटीहि नाहीं. आपल्या मनांतील बिऱ्हाडकरूला जागा सोडावी लागल्याचें तें दुःख असतें. क्वचित् दोन्ही रूपें शेजारीं शेजारीं नांदतात. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' १९३५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावरून आचार्य अत्रे ह्यांनीं काढलेल्या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. पुस्तकानें एकांतांत रडविलें, चित्रपटानें समुदायांत. आणि एकानें दुसऱ्याला उणें केलें नाहीं.

येथवर आस्वादाची गोष्ट झाली. पण ह्या अश्रूंना व हास्याला चित्रपटगृहाच्या, वाचनालयाच्या बाहेर कांहीं किंमत आहे काय? आहे, अशी साक्ष एका परक्या सरकारनेंच देऊन ठेविली आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचें 'कीचकवध' हें १९०७ सालचें नाटक महाभारतांतील कथेचें. त्यांत कर्झनसाहेबाचें नांव नाहीं, हिंदुस्थानचें नांव नाहीं. परंतु प्रेक्षकांनीं कीचकांत कर्झन पाहिला, द्रौपदींत गांजलेली मातृभूमि पाहिली, आणि सरकारनें १९१० सालीं त्या नाटकावर बंदी घातली. बंदी कागदावरील शब्दांवर आली असें वरवर दिसतें. वस्तुतः ती प्रेक्षकांच्या मनांत उमटलेल्या अर्थावर होती. अर्धें नाटक लेखक लिहितो व अर्धें प्रेक्षक, ह्याचा ह्याहून ठळक पुरावा मिळणार नाहीं.

घराच्या चार भिंतींतील अन्यायाविषयीं मात्र प्रेक्षक इतका तत्पर दिसत नाहीं. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकानें १८९९ सालीं जरठकुमारी-विवाहाचें चित्र रंगभूमीवर उभें केलें. लोक हसले, हळहळले, पदें तोंडपाठ झालीं. त्यानंतर अडतीस वर्षांनीं, १९३७ सालीं, व्ही. शांताराम ह्यांना नारायण हरि आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून 'कुंकू' काढावासा वाटला आणि लोकांना तो आपल्याच काळाचा वाटला, ह्याचा अर्थ काय? एवढाच कीं, तोच प्रश्न तोंवर जिवंत होता. 'शारदे'च्या पदांवर डोलणाऱ्या सभागृहांत कोणी भुजंगनाथ आणि कोणी कांचनभटहि बसत असलेच पाहिजेत. 'कुंकू'मध्यें एवढा फरक झाला कीं, नीरा नुसती रडत नाहीं. झालेलें लग्न आपल्याला मान्य नाहीं हें ती तोंडावर सांगते. करुणरसाच्या जागीं स्वाभिमान आला, आणि दया करण्यास सोकावलेल्या प्रेक्षकाला प्रथमच उत्तर देण्याची पाळी आली.

अगदीं अलीकडचें उदाहरण पाहावयाचें तर नागराज मंजुळे ह्यांचा २०१६ सालचा 'सैराट' घ्यावा. त्यांतील गाण्यांवर तरुण प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचले. निराळ्या जातींच्या आर्ची व परशा ह्यांच्या प्रेमाला त्यांनीं शिट्या वाजवून आशीर्वाद दिला. शेवटचा प्रसंग आला आणि दिग्दर्शकानें सारा आवाजच काढून घेतला. पडद्यावर राहिलीं तीं लहान मुलाचीं रक्तांत भिजलेलीं पावलें. नाचणाऱ्या सभागृहांत शब्द उमटेना. शृंगाराचा करार करून आंत बोलावलेल्या प्रेक्षकाच्या हातीं शेवटीं निराळाच कागद पडला होता. पण त्या शांततेची खरी परीक्षा दाराबाहेर होती. पडद्यावरच्या परशासाठीं गहिंवरलेला बाप आपल्याच मुलीनें दुसऱ्या जातींतला मुलगा निवडला तर काय करील? तेथें तो सहृदय प्रेक्षक राहील, कीं आर्चीच्या घरच्यांच्या रांगेंत जाऊन उभा राहील?

सविकल्प समाधीचा धोका हाच आहे. आपण आपल्या जागीं सुरक्षित आहों ही जाणीव आस्वादाला आवश्यक असते. पण ती सोयिस्करहि असते. अश्रु ढाळले म्हणजे कर्तव्य झालें असें मन स्वतःला समजावितें, आणि डोळ्यांतलें पाणी उंबरठ्यावरच सुकून जातें. ह्याचा अर्थ प्रत्येक खेळांतून बोध घेऊनच उठावें असा नव्हे. रहस्यकथेनें रात्र जागविली, विनोदानें दिवसभराचा शीण घालविला, तर त्यांनीं आपलें वचन पाळलें. परंतु ज्या कृतीनें आपल्याला दुसऱ्याच्या दुःखांत नेलें, तिच्याशीं झालेला करार पुस्तक मिटल्यानें संपत नाहीं.

म्हणून घरोघरच्या वडील मंडळींनीं मुलांनीं काय वाचावें व काय पाहावें ह्याच्या याद्या करण्याआधीं, त्यांना त्यांत काय दिसलें तें विचारावें. आरंभीं सांगितलेल्या कुटुंबांत आजीनें आपलें मत सांगितलें, वडिलांनीं सांगितलें, थोरल्यानेंहि सांगितलें. सर्वांच्या मागून चालणाऱ्या मुलीला मात्र कोणीं कांहींच विचारलें नाहीं. ती गप्प होती म्हणजे तिला कांहीं कळलें नव्हतें असें नाहीं. कदाचित् सर्वांत अधिक तिलाच कळलें असेल, कारण पडद्यावरची गोष्ट तिच्याच पुढल्या आयुष्याची असूं शकेल. कुलूप उघडून दिवा लावल्यावर वडिलांनीं तिला जवळ बसवून घ्यावें आणि "तुला काय वाटलं, बाळ?" एवढेंच विचारावें. आणि तिचें उत्तर पुरतें ऐकल्यावांचून आपलें मत तिला सांगूं नये.