गांज्याने अंगातली सूज उतरते का?

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, हप्ते मोजून झाले, वह्या मिटल्या, आणि एक ताई मागे थांबली. तिचे नाव, वस्ती विचारू नका. एचआयव्हीची माहिती त्या माणसाच्या परवानगीशिवाय सांगायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. "नाव न घेता बोला, बाकीच्यांना उपयोग होईल," असे तीच म्हणाली, म्हणून बोलतोय.

तिचा नवरा यंत्रमागावर आहे. एआरटीच्या गोळ्या बरीच वर्षे चालू, तब्येत चांगली. पण सांधे दुखतात, थकवा येतो. कुणीतरी मोबाइलवर दाखवले की एचआयव्हीवाल्यांच्या अंगातली सूज गांज्याने कमी होते. झाले! रात्रपाळी सुटली की चिलीम सुरू. आता तर म्हणतो, गोळ्यांची गरजच काय? "ताई, खरं आहे का हो हे?" तिने विचारले. आम्हाला उत्तर येत नव्हते. आम्ही डॉक्टर नाही. म्हणून विचारून, वाचून आलो.

ही सूज म्हणजे पाय सुजल्यावर दिसते तशी नाही. गोळ्यांनी विषाणू दबतो, रक्ताच्या तपासणीत सापडेनासा होतो. पण सुरुवातीलाच त्याने आतड्याच्या अस्तराची नासधूस केलेली असते. तिथून जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि शरीराचे शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, कायम काठी उगारून उभ्या. चूल विझवली तरी राखेखाली निखारा राहावा, तसे. ही धग वर्षानुवर्षे राहिली की रक्तवाहिन्या खराब होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

आता गांजा. ती बातमी अगदीच खोटी नव्हती. 2018 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. एआरटी घेणाऱ्यांपैकी जे खूप गांजा घेत होते, त्यांच्या रक्तात अशा भडकलेल्या पेशी कमी दिसल्या. पण नीट ऐका. ही सगळी माणसे गोळ्या घेत होती. पेशी कमी दिसल्या म्हणजे माणसे जास्त जगली किंवा सांधे थांबले, असे त्यात नाही. आणि गांज्यामुळेच कमी झाल्या, हेही त्यातून सिद्ध होत नाही. तिकडच्याच दुसऱ्या अभ्यासात, 40 ते 60 वयाच्या एचआयव्ही असलेल्या पुरुषांत, वर्षानुवर्षे खूप गांजा ओढणाऱ्यांना हृदयाचे त्रास जास्त झालेले आढळले. मोबाइलवर ते कुणी दाखवत नाही.

शिवाय आपल्याकडे चिलमीत गांज्याबरोबर तंबाखू असतेच. धूर शेवटी धूरच. तो फुप्फुसाला जाळतो, टीबीचा धोका वाढवतो, आणि एचआयव्ही असलेल्याला टीबी आधीच लवकर गाठतो. धुराबद्दल बोलताना आम्हाला अवघडल्यासारखे होते. आमच्या गटातल्या अर्ध्या बायका विड्या वळतात, सुपातल्या जर्द्यावर पोरांची फी भरतात. पण म्हणून तंबाखूला चांगले म्हणता येत नाही.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. नशेत गोळी चुकते. गोळी चुकत गेली की विषाणू पुन्हा उठतो, औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. मग निखारा नाही, आगच.

ही धग कमी करायला रोज न चुकता एआरटी, तंबाखू सोडणे, बीपी-साखर तपासणे, चालणे, एवढे आपल्या हातात आहे. 2023 मध्ये भारतासह 12 देशांत झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन जातीच्या एका गोळीने एचआयव्ही असलेल्यांत हृदयाचे मोठे झटके सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ती आपल्या माणसाला हवी का, हे एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

आणि गांजा बाळगणे, ओढणे 1985 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी केंद्रात लपवू नका. डॉक्टर पोलीस नव्हेत. खरे कळले तरच सांधे कशाने दुखतात ते शोधतील. फोन करायचा तर एचआयव्हीसाठी 1097, व्यसन सोडण्यासाठी 14446. दोन्ही फुकट.

ती ताई नवऱ्याला घेऊन समुपदेशकांकडे गेली होती. भांडण न करता, "सांध्याचं विचारून येऊ" म्हणून नेले. चिलीम अजून सुटलेली नाही. रात्री नऊला मोबाइलचा गजर वाजतो, गोळी मात्र तो तिच्यासमोर घेतो.