कापणी प्रयोगाला गावाची साक्ष हवी



आज बी-बियाण्याची किंवा फवारणीची माहिती सांगणार नाही. आज बोलायचे आहे ते पीक विम्याबद्दल, आणि त्यातही ज्या एका कामावर तुमची भरपाई ठरते त्या कामाबद्दल. ते काम म्हणजे पीक कापणी प्रयोग.

आधी थोडे मागचे पाहू. 2023 च्या खरिपात आपल्या राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. शेतकऱ्याचा बाकीचा हप्ता शासन भरू लागले. योजना चांगली होती, पण तिच्यात लबाडी शिरली. सेवा केंद्राला दर अर्जामागे 40 रुपये मिळत. अर्ज जितके जास्त तितकी कमाई जास्त. मग काही ठिकाणी देवस्थानच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, अकृषक प्लॉटवरही विमा उतरवला गेला. शेताचा मालक एक आणि विमा दुसऱ्याच्याच नावाचा, असेही झाले. सुमारे चार लाख अर्ज बाद करावे लागले, असे जानेवारी 2025 मध्ये तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी सांगितले. शेवटी 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद झाली. खरीप पिकाला 2 टक्क्यांपर्यंत आणि कापसासारख्या नगदी पिकाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याच्या माथी आला. लबाडी केली थोड्यांनी, भुर्दंड बसला सगळ्यांना. सुक्याबरोबर ओले जळते ते असे.

त्याच वेळी दुसराही बदल झाला. भरपाई मंडळातल्या सरासरी उत्पन्नावरच ठरेल असा नियम आला. हे उत्पन्न मुख्यतः कापणी प्रयोगातून काढतात. काही पिकांत उपग्रहाच्या आधारे काढलेला अंदाजही जोडतात. म्हणून कापणीच्या दिवशी त्या शेतात काय घडते, याला आता फार मोल आहे.

हा प्रयोग होतो कसा, ते बघा. आपल्या महसूल मंडळात एका पिकासाठी दहा-बाराच्या आसपास शेते निवडतात. निवड चिठ्ठीसारखी, म्हणजे यादृच्छिक आकड्यांवरून होते. शेतात प्लॉट कुठे आखायचा तेही आकड्यांवरूनच ठरते. चांगले पीक किंवा वाईट पीक बघून जागा धरायची नसते. प्लॉट आखून कापतात, मळतात, वजन करतात, फोटोसह मोबाईलवर नोंद करतात.

आता हिशेब करू. समजा, प्लॉट 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद आहे. म्हणजे 50 चौरस मीटर, हेक्टरचा दोनशेवा भाग. या प्लॉटवर एक किलो सोयाबीन जास्त लिहिले, तर हेक्टरी 2 क्विंटल उत्पन्न वाढलेले दिसते! उंबरठा उत्पन्न 10 क्विंटल आणि विमा रक्कम 50,000 रुपये धरा. खरे उत्पन्न 8 क्विंटल असेल, तर पाचवा हिस्सा, म्हणजे 10,000 रुपये भरपाई होते. सगळ्या प्लॉटवर एकेक किलो जास्त लिहिले गेले, तर ती शून्य होते. दहापैकी एकाच प्लॉटवर चूक झाली, तरी मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाचे हेक्टरी 1,000 रुपये बुडतात. आणि ज्याचे बुडाले, त्याला कळतही नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका गावात प्रयोगाला गेलो असता एक वडीलधारे शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, जरा हात राखून लिहा, गावाचे भले होईल.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पीक खरोखरच पावसाने झोडपले होते. मी म्हणालो, “काका, मी आज खोटे कमी लिहिले, तर उद्या दुसरा खोटे जास्त लिहील. तेव्हा तुम्ही कोणत्या तोंडाने भांडाल?” शिवाय आकडा संशयास्पद दिसला की विमा कंपनी हरकत घेते. हरकत निघेपर्यंत खऱ्या नुकसानीचीही भरपाई अडकते. काका गप्प झाले, पण वजन होईपर्यंत काट्याजवळून हलले नाहीत. मला तेच हवे होते.

बंधूंनो, नोंद करणारा कर्मचारी कितीही प्रामाणिक असो, एकट्याच्या कामावर भरवसा ठेवू नये. म्हणून प्रयोगासाठी गावपातळीची समिती असते. तिच्यात सरपंच, पोलीस पाटील, प्रगतशील शेतकरी, तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आमचे कृषी कर्मचारी आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी असतात. समिती कागदावर राहिली तर उपयोग नाही. शेतात उभी राहिली तरच ती साक्ष. सरसमपासून पैनगंगेकाठच्या गावापर्यंत, हिमायतनगर तालुक्यातल्या प्रत्येक गावाने एवढे करावे:

1. आपल्या मंडळात कोणत्या गावी, कोणत्या शेतात, कोणत्या तारखेला प्रयोग आहे, हे कृषी कार्यालयात आधीच विचारून घ्या. गावात दवंडी द्या.

2. निवडलेले शेत बदलू देऊ नका. शेतमालकाने प्रयोगाआधी पीक काढू नये.

3. टेप स्वतः धरा. दोरीच्या आतले झाड सोडू नका, बाहेरचे आत ओढू नका.

4. काटा रिकामा असताना शून्यावर आहे का, ते पाहा. शेंगा ओल्या असतील तर वाळल्यानंतरचे वजन केव्हा होणार ते विचारा आणि त्यालाही हजर राहा.

5. आकडा तुमच्यासमोर लिहिल्यावरच सही करा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. आकडा आपल्या वहीत टिपून ठेवा.

6. चूक दिसली तर तोंडी वाद घालू नका. त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी आणि तहसीलदार यांना लेखी कळवा व पोच घ्या.

7. नोंदीची नक्कल हवी असेल तर माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा आहे. 10 रुपये फी भरून अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे.

8. ई-पीक पाहणी स्वतः करा. शेतात असेल तेच पीक नोंदवा आणि तेवढ्याच क्षेत्राचा विमा उतरवा.

शेवटची गोष्ट आम्हा कर्मचाऱ्यांबद्दल. तुम्ही शेजारी उभे राहून बघता, याचा आम्हाला राग यायला नको. उलट, गाव साक्षीला असले की कोणाचा दबाव आमच्यावर चालत नाही. बाजारात आपला माल तोलताना तुम्ही काट्यावरची नजर काढता का? मग हा तर सगळ्या मंडळाचा काटा आहे. कापणीच्या दिवशी अर्धा दिवस मोडला तरी चालेल, पण शेतात या.