नंदीच्या पायथ्याशी

सरकारी रजेच्या अर्जात 'रजेचे कारण' असा एक रकाना असतो. गेल्या वीस वर्षांत त्या रकान्यात मी आजारपण लिहिले, भाचीचे लग्न लिहिले, घराची दुरुस्ती लिहिली. परंतु 'विश्रांती' हा शब्द लिहिण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. विश्रांती हवी असे म्हणणे म्हणजे आपल्यावाचून कचेरीचे चालते अशी लेखी कबुली देणे! यंदा मात्र डॉक्टरांनी माझ्या रक्तदाबाचा आकडा जरा मोठ्याने वाचला आणि तो माझ्या पत्नीने ऐकला. तेव्हा एप्रिलच्या आरंभी, बंगळूरपासून सुमारे साठ किलोमीटरांवर, नंदीदुर्गाच्या पायथ्याशी झाडीत उभ्या असलेल्या एका लाकडी घरात दोन रात्री काढण्याचे ठरले.

घर लहानसेच. दोन खोल्या, पुढे पडवी, भोवती सिल्व्हर ओक आणि निलगिरी. या निलगिरीचे आणि नंदीचे नाते जुने आहे. भारतात हे झाड प्रथम लावले गेले ते 1790 च्या सुमारास, टिपू सुलतानाच्या नंदीवरील बागेत, असे सांगतात. पुढे या मुलखात निलगिरी इतकी फोफावली, आणि भूगर्भातले पाणी इतके खोल गेले, की 2017 साली कर्नाटक सरकारला तिच्या नव्या लागवडीस बंदी करावी लागली. पाहुण्याला मात्र तिचा वास तेवढा येतो. तिची तहान दिसत नाही.

शांतता म्हणजे आवाजांचा अभाव, अशी माझी समजूत होती. पहिल्या रात्रीच ती खोटी ठरली. बाहेर रातकिड्यांखेरीज काही वाजत नव्हते. परंतु माझ्या डोक्यात मात्र सबंध कचेरी भरली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी एका कारकुनाने दहा दिवसांची रजा मागितली होती. वडिलांच्या दुखण्यात तो तीन महिने रात्री जागला होता, आणि ते बरे झाल्यावर आता स्वतः थकून गेला होता. मी मार्चअखेरच्या राहिलेल्या कामांकडे बोट दाखवून त्याचे दहाचे चार दिवस केले होते. तो काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला त्या रात्री दोन वाजेपर्यंत ऐकू येत होते.

पहाटे उठून पायऱ्यांच्या वाटेने डोंगर चढू लागलो. माथा समुद्रसपाटीपासून 1,478 मीटर उंच. वर जायला मोटाररस्ता आहे, आणि सुटीच्या दिवशी सूर्योदयापूर्वी त्यावर वाहनांची रांग लागते. परंतु दगडी पायऱ्यांवर माणूस क्वचितच भेटतो. धाप लागली की थांबावे, मागे वळून पाहावे, आणि शेजारचा स्कंदगिरी धुक्यातून हळूहळू वर येताना दिसावा!

चढताना एक विचार मनात आला. या डोंगराच्या इतिहासात थकलेल्या माणसांची एक मालिकाच आहे. 1770 च्या स्वारीत मराठ्यांनी हैदराकडून हा किल्ला घेतला. त्या मोहिमेतच थोरल्या माधवरावांचे दुखणे बळावले. सैन्य त्रिंबकराव पेठ्यांच्या हाती सोपवून त्यांना पुण्यास परतावे लागले, आणि 1772 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला त्यांचा अंत झाला. म्हैसूरचे कमिशनर सर मार्क कबन यांनी नंदीवर हवापालटासाठी बंगला बांधला. पाव शतकाहून अधिक काळ कारभार केल्यानंतर 1861 मध्ये ते मायदेशी निघाले, आणि वाटेत सुएझ येथेच वारले. आयुष्यभर पुढे ढकललेली विश्रांती पुष्कळदा अशी वाटेतच राहते.

तिसरे नाव गांधीजींचे. मार्च 1927 मध्ये कोल्हापूरकडच्या दौऱ्यात त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. प्रथम आंबोलीच्या थंड हवेत, आणि नंतर एप्रिलमध्ये नंदीवर त्यांना आणण्यात आले. जूनच्या आरंभापर्यंत ते येथे राहिले. डोंगरावरील 'गांधी निलय' हे नाव त्याच आठवणीचे. पुढे 1936 सालीही ते येथे विश्रांतीस आले. सोमवारचे मौन त्यांनी आधीपासूनच धरले होते. ज्यांच्या शब्दाची सारा देश वाट पाहत होता त्यांना आठवड्यातून एक दिवस न बोलणे परवडत होते, आणि मला मात्र दोन दिवस फोन बंद ठेवणे अशक्य वाटत होते.

ज्या डोंगरावर दारूबंदीचा हा पुरस्कर्ता राहिला, त्याच्याच परिसरात आज वाइनचे मळे आहेत. कंवल ग्रोवर यांनी 1988 साली येथे फ्रेंच जातींच्या वेली लावल्या आणि 1992 साली त्यांची पहिली वाइन निघाली. 2012 साली नाशिक जिल्ह्यातील एका वाइनरीशी ही संस्था एक झाली. मी वाइन घेत नाही, म्हणून तिच्या चवीचा निवाडा माझ्याकडे मागू नये. परंतु माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे दुपारी येथल्या एका मळ्यात गेलो तेव्हा माझी पावले आपोआप वेलींकडे वळली.

तोडणी नुकतीच संपली होती. वेली दमल्यासारख्या उभ्या होत्या. मामांची आठवण झाली. युरोपात हिवाळा आला की वेलीची पाने झडतात आणि ती झोपी जाते. आपल्याकडे तसा हिवाळा नाही. वेल मोकळी सोडली तर बारा महिने वाढतच राहील. म्हणून आपला बागाईतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतो आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी. आणि तोडणी व खरड छाटणी यांच्यामध्ये काही आठवडे बागेला सोडून देतो. या दिवसांना मामांकडे सरळ 'विश्रांती' असाच शब्द आहे. "हे दिवस चोरले," असे मामा म्हणत, "तर वेल पुढच्या साली वसूल करते." ज्या हवेत निसर्ग स्वतःहून थांबत नाही, तेथे थांबण्याची वेळ माणसाने नेमून द्यावी लागते. आपल्या नोकऱ्यांची हवा आता तशीच झाली आहे.

संध्याकाळी घराच्या राखणदाराने मला आपल्या घरी नेले. हा भाग रेशमाचा. शिडलघट्ट्याची कोषांची बाजारपेठ जवळच. मागच्या खोलीत बांबूच्या तट्ट्यांवर हजारो अळ्या तुतीचा पाला खात होत्या, आणि पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज खोलीभर भरून राहिला होता. कोष विणण्यापूर्वी ही अळी चार वेळा कात टाकते. त्या प्रत्येक वेळी ती खाणे थांबवते आणि मान वर करून निश्चल राहते. तेव्हा तिला कोणी पाला घालत नाही, हात लावत नाही. चौथ्या कातीनंतर मात्र आठवडाभर तिची भूक आवरत नाही, आणि त्या आठवड्यात घरच्या माणसांना पुरती झोप नसते.

राखणदाराची बायको पाला पसरीत होती. तिने कानडीत काही विचारले. तो हसून मला म्हणाला, "सार, ती विचारते, तुमच्या घरी झोपायला जागा नाही का?"

मीही हसलो, पण उत्तर सुचले नाही. त्याचा मुलगा विमानतळावर रात्रपाळीला जातो, सून आणि बायको आळीपाळीने अळ्यांपाशी जागतात, आणि तो स्वतः माझ्यासारख्यांच्या झोपेची राखण करतो. "आमच्या घरात सगळे एकाच वेळी झोपले असे होत नाही," तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. माझी विश्रांती माझ्या एकट्याची नव्हती. ती कोणाच्या तरी जागरणावर उभी होती.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. सकाळी उठलो तेव्हा ऊन पडवीत आले होते, आणि फोनची आठवण झाली ती चहा झाल्यावर.

श्रोतेहो, नंदीची हवा चांगली आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी अवश्य जावे. पायऱ्यांच्या वाटेने जावे, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. परंतु रानातील घर विश्रांती देतेच असे नाही. तेथे माणसाला आपल्या थकव्याची खरी कारणे तेवढी दिसतात. त्यांतली काही दुसऱ्याची विश्रांती कापून आपणच जमवलेली असतात.

सोमवारी कचेरीत गेलो. चार दिवसांची रजा आटोपून तो कारकून कामावर आला होता. त्याचा जुना अर्ज मी मागवून घेतला आणि राहिलेले सहा दिवस मंजूर केले. कारणाच्या रकान्यात त्याने काय लिहिले होते, ते पुन्हा वाचण्याची मला गरज वाटली नाही.